"मी फक्त हत्यारं धुतो": कामाच्या मोठेपणाचा प्रश्न

चाळिशी ओलांडलेली बरीच माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच सल घेऊन येतात. नोकरी आहे, घर नीट चाललंय, पण आपल्या हातून उदात्त असं काही घडलंच नाही. दुसरे कुणी आयुष्य सार्थकी लावतात, आपण नुसते दिवस ढकलले.

असेच एक गृहस्थ आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका मोठ्या रुग्णालयाच्या सीएसएसडीत, म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन निर्जंतुक करतात त्या विभागात, ते बरीच वर्षं कामाला होते. धाकटा भाऊ सर्जन. "तो जीव वाचवतो मॅडम, मी भांडी घासतो," असं म्हणाले तेव्हा आवाज बसला होता. नोकरी सोडून एखाद्या सेवाभावी संस्थेत जायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर, त्यामुळे घरात रोज वाद.

संस्थेचा विषय मी बाजूला ठेवला आणि कालच्या पाळीत काय काय केलं ते विचारलं. आधी त्यांनी एका वाक्यात उरकलं. खोदून विचारल्यावर हळूहळू खुलले. चिमट्याच्या सांध्यात रक्त वाळून बसतं, ते ब्रशने निघालं नाही तर आत वाफ पोचत नाही. म्हणून प्रत्येक सांधा उघडून, भिंगाखाली धरून बघायचा. नळीसारख्या पोकळ हत्यारातून आरपार ब्रश फिरवायचा. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, १३४ अंशांची वाफ. पाकिटावरच्या टेपचे पट्टे वाफेने काळे झाले तरी पाकीट ओलं निघालं, तर ते निर्जंतुक धरत नाहीत.

"ओलं निघालं तर?"

"परत पॅक करायचं, परत लावायचं. ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन येतात, सर्जन थांबलेत म्हणून. तरी नाही देत."

"तिथे तुमच्यावर कुणी लक्ष ठेवून असतं?"

"रात्री? कुणी नसतं."

"मग का नाही देत?"

असा प्रश्नच कसा पडतो, अशा नजरेने त्यांनी बघितलं. "असं कसं देणार? तिकडे माणसाचं पोट उघडं असतं."

भावाचं काम मोठं आणि आपलं हलकं, ही वाटणी त्यांनी इतकी पक्की धरली होती की स्वतःच्या तोंडचं हे वाक्य त्यांना ऐकूच गेलं नाही. मी तेच त्यांना परत म्हणून दाखवलं.

मानसशास्त्रज्ञ एमी रेझ्नेस्की आणि सहकाऱ्यांचा १९९७ सालचा एक अभ्यास मला अशा वेळी हटकून आठवतो. माणसं कामाकडे पोटापाण्याची सोय, बढतीची शिडी किंवा जीवनकार्य म्हणून बघतात, असं त्यांनी मांडलं. त्यात २४ प्रशासकीय सहायक होते. काम साधारण सारखंच, तरी तिन्ही दृष्टिकोनांत ते जवळपास सारखे विभागलेले निघाले. म्हणजे पदाच्या नावावरून फार काही कळत नाही. मात्र "दृष्टी बदला, सगळं छान दिसेल" हा सल्ला मी कधीच देत नाही. भोळ्याभाबड्यांना फसवून कर्ज गळ्यात मारणं हेच ज्याचं काम आहे, त्याने त्यात अर्थ शोधू नये, बाहेर पडावं. माझ्या मते आवड आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. आपण हयगय केली तर कुणाला भोगावं लागेल आणि ते ठाऊक असल्यामुळे आपण हयगय करत नाही का, हे आधी बघावं.

पंचाईत अशी की ज्याला भोगावं लागेल तो माणूस बहुधा दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रांट यांच्या २००७ सालच्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमा झालेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. माझ्या सांगण्यावरून या गृहस्थांनी प्रमुखांची परवानगी काढली आणि शस्त्रक्रिया होऊन बऱ्या झालेल्या एका आजींना वॉर्डात जाऊन भेटून आले. पुढच्या भेटीत बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होते.

पण इथे थांबणं मला धोक्याचं वाटतं. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांवरचा बंडरसन आणि थॉम्पसन यांचा २००९ सालचा अभ्यास सांगतो की कामाला जीवनकार्य मानणारे कमी पगार, जास्त कष्ट सोसतात आणि व्यवस्थापन त्याचा फायदाही घेऊ शकतं. म्हणून मी हातमोज्यांचं विचारलं. जाड हातमोजे महिनोन्‌महिने आले नव्हते, दोन जागा रिकाम्या, सुई टोचल्याची नोंद कुणी करत नव्हतं. "सेवा म्हटल्यावर मागायचं कसं?" असं त्यांना वाटत होतं. ज्या हातांवर रुग्णाची भिस्त आहे ते हात सांभाळायला मागणं हा सेवेचाच भाग आहे, हे मी ठासून सांगितलं.

त्यांनी लेखी अर्ज दिला. हातमोजे आले, जागा अजून भरलेल्या नाहीत, त्यासाठी ते पाठपुरावा करताहेत. संस्थेत जायचा विचार त्यांनी सोडलेला नाही, मुलीचं शिक्षण झाल्यावर बघू म्हणतात, आणि बायकोलाही ते पटलंय. सध्या नव्या मुलांना सांधा कसा तपासायचा ते शिकवतात.