पंधरा मिनिटं कुठून मोजायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या अंकाचा विषय: डोंगराळ मुलखातली रुग्णवाहिका.

प्रश्न: स्वित्झर्लंड आमच्या सत्तरी तालुक्यापेक्षा कितीतरी डोंगराळ. तरी तिथं म्हणे १५ मिनिटांत रुग्णवाहिका येते. मग घाटाखालच्या आमच्या वाड्यावर यायला तिला इतका वेळ का लागतो?
— एक वाचक, वाळपई

उत्तर: तो १५ चा आकडा आधी पाखडून घेऊ. स्वित्झर्लंडमधले बरेच प्रांत असं उद्दिष्ट धरतात, की जिवावरच्या १०० फेऱ्यांपैकी ९० फेऱ्यांत पथक १५ मिनिटांच्या आत पोचावं. उद्दिष्ट म्हणजे हमी नव्हे. उरलेल्या १० फेऱ्यांत दूरच्या दऱ्याखोऱ्यांचा वाटा मोठा असणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. दुसरा १५ चा आकडा आहे रेगा या हवाई बचाव संस्थेचा. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था बऱ्याच अंशी वर्गणीदारांच्या पैशांवर चालते. वालिस प्रांत सोडून देशात कुठंही १५ मिनिटांत पोचतो, असं ती सांगते, पण ती उड्डाणाची मिनिटं आहेत. फोन घेणं, जागा समजून घेणं आणि हेलिकॉप्टर वर उचलणं, हा वेळ त्यात नाही. शिवाय दरीत धुकं बसलं, की गाठ पुन्हा चार चाकांशीच.

म्हणून कुठल्याही सेवेला दोन प्रश्न विचारावेत: घड्याळ कधी सुरू केलंत आणि कधी थांबवलंत? गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला उभी राहिली तेव्हा घड्याळ थांबवलं, तर पुढच्या पायवाटेवरचा अर्धा तास कोणाच्याच हिशेबात येत नाही. डोंगरात नेमका तोच महाग पडतो. सरासरीवरही विसंबू नये. समजा १० फोनपैकी ८ ठिकाणी गाडी १० मिनिटांत गेली आणि २ ठिकाणी ६० मिनिटांत. सरासरी येते २० मिनिटं, पण २० मिनिटांत गाडी मिळालेला माणूस त्यात एकही नाही. आणि ते दोन ६० वाले तुमच्याच वाड्यावरचे असतात.

स्विस लोकांकडून खरं घेण्यासारखं हेलिकॉप्टर नव्हे. गोवा अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. आपल्याला त्यांची गावपातळीवरची पद्धत अधिक उपयोगी. हृदय बंद पडल्याचा फोन आला, की नियंत्रण कक्ष गाडी सोडतो आणि त्याच वेळी जवळच्या प्रशिक्षित गावकऱ्याला किंवा अग्निशमन जवानाला कळवतो. तो छातीवर दाब द्यायला लागतो, विजेचा झटका देणारं यंत्र आणतो. हृदय थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, त्यामुळे इथं गाडीपेक्षा शेजारी आधी हवा. आपल्याकडे १०८ च्या दुचाकी आहेत. त्या उपचार लवकर पोचवतात, पण रुग्णाला नेऊ शकत नाहीत.

छातीत दुखत असेल तर आणखी एक घड्याळ असतं. हृदयाची बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडायची, तर निदानापासून १२० मिनिटांच्या आत ते व्हायला हवं. तेवढ्यात जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यायचं, आणि पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक. गोव्यात हृदयविकारासाठी स्टेमी प्रकल्प आहे. त्यात आरोग्य केंद्रातच ईसीजी काढून तो बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, तज्ज्ञांना दाखवता येतो. अशा रुग्णाला घाईघाईने थेट बांबोळीला पळवण्यापेक्षा ईसीजीची सोय असलेलं जवळचं केंद्र गाठणं शहाणपणाचं.

प्रश्न: ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जातोय. वाटेत काही झालं तर नेपाळची रुग्णवाहिका येते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या पुढे मोटारीचा रस्ता नाही, तेव्हा नाही. नेपाळमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १०२. काठमांडू खोऱ्यात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसह चालणारी सेवा २०११ पासून आहे. बाहेर मात्र गाडी रेडक्रॉसची, इस्पितळाची किंवा स्थानिक मंडळाची असते, आणि कित्येकदा आत चालकाशिवाय कोणीच नसतं. ती वाहतूक झाली, उपचार नव्हे. दुर्गम भागात रुग्णाला पाठीवर किंवा डोको नावाच्या टोपलीत बसवून आणतात. अडलेल्या बाळंतिणीला सरकारी खर्चाने हेलिकॉप्टरने हलवण्याची योजनाही तिथं आहे.

तुमच्यासाठी पर्याय म्हणजे खाजगी हेलिकॉप्टर. खर्च काही हजार डॉलर. पैशांची हमी मिळाल्याशिवाय ते सहसा उडत नाही. त्यामुळे विमा घेताना उंचीची मर्यादा वाचा: बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, म्हणून किमान ६,००० मीटरपर्यंतचं संरक्षण हवं. विमा कंपनीचा तातडीचा क्रमांक कागदावर लिहून गाईडकडे द्या. उड्डाणं उजेडातच, आणि दुपारी ढग चढतात म्हणून शक्यतो सकाळी. विरळ हवेत पंख्याची उचल घटते, त्यामुळे तुमच्याबरोबर मित्रालाही घेतीलच असं नाही. उलट, साध्या डोकेदुखीवर कोणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर सावध व्हा. विम्याच्या पैशांसाठी असे प्रकार झाल्यावरून २०१८ मध्ये नेपाळ सरकारने चौकशी केली होती.

उंचीच्या आजारावर खरा उपचार म्हणजे खाली उतरणं. डोकं दुखत असताना वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असो की बर्फ, ३०० ते १,००० मीटर खाली उतरायला लागा. हेलिकॉप्टरची वाट पाहणं हा उपचार नव्हे. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र ट्रेकच्या हंगामात उघडं असतं, जाताना तिथली उंचीच्या आजाराची माहिती ऐकून घ्या.

प्रश्न: नेत्रावळीकडे रेंज येते-जाते. १०८ ला नेमकं काय सांगावं?
— एक वाचिका, सांगे

उत्तर: आजाराआधी जागा सांगा. मधेच फोन तुटला तरी गाडी निघू शकते. क्रम असा: तालुका, पंचायत, वाडा, खूण. खूण म्हणजे शाळा, देऊळ, कदंब बसचा थांबा. वीजखांबावर क्रमांक असेल तर तोही. हद्दीजवळ टॉवर शेजारच्या राज्याचा पकडला गेला, तर फोन त्या राज्याच्या कक्षात लागू शकतो. म्हणून पहिला शब्द "गोवा". १०८ लागत नसेल तर ११२ लावा.

मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवता येतात. गोव्यात पहिला आकडा १४ किंवा १५ ने सुरू होतो, दुसरा ७३ किंवा ७४ ने. वेगळं काही दिसलं तर वाचण्यात चूक आहे. दशांशापुढे चार अंक सांगितले तर साधारण ११ मीटरपर्यंत अचूक जागा कळते.

गाडी कुठवर येते तेही आधीच सांगा, नाहीतर चालक कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) तोंडाशी येऊन वळायला जागा शोधत बसतो. तिठ्यावर टॉर्च घेऊन एकाला उभं करा आणि ज्या नंबरवरून फोन केला तो मोकळा ठेवा. रुग्णाला उचलून आणायचं असेल तर सहा ते आठ माणसं, आलटून पालटून. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे. छातीत दुखणाऱ्याला चालवू नका, खुर्चीत बसवून आणा. पडून मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर मात्र खुर्ची नको, चादरीची झोळी तर नकोच. पथकाची वाट पाहा.

प्रश्न: काणकोणहून बांबोळीला ऑक्सिजनवर असलेला रुग्ण हलवायचाय. एक सिलिंडर पुरेल का?
— एक वाचक, चावडी

उत्तर: हिशेब सोपा आहे: मीटरवरचा दाब गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता. बी टाइप सिलिंडर १० लिटरचा. १५० बारला पूर्ण भरलेला असेल तर १,५०० लिटर वायू. मीटर १२० दाखवत असेल तर तळाचे २० सोडून द्या. उरले १०० बार, म्हणजे १,००० लिटर. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर बरोबर १०० मिनिटं.

करमल घाट आणि मडगावची वर्दळ धरून दोन तास मोजा. लागले १,२०० लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे १,८०० लिटर. एकाने भागत नाही, दोन भरलेले बी सिलिंडर हवेत. रुग्णवाहिकेत मोठा डी टाइप असेल तर त्यात सुमारे ७,००० लिटर असतात. तरी निघण्याआधी मीटर स्वतः पाहा, बोर्डावरच्या "फुल्ल" या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.

घोळ बहुधा सिलिंडर बदलताना होतो. चावी सापडत नाही, किंवा वॉशर झिजलेला असतो आणि जोडावर फुसफुस सुरू होते. चावी साखळीने सिलिंडरलाच बांधा, दोन वॉशर खिशात ठेवा, आणि दुसरा सिलिंडर घाटात नव्हे, निघण्याआधी एकदा जोडून पाहा.