टर्बो पेट्रोल गाडीचा गिअर बदलताना 'फुस्स' असा आवाज का येतो?

नव्या टर्बो पेट्रोल गाडीने खंबाटकी घाट चढताना प्रत्येक गिअरला 'फुस्स' असा आवाज येतो, गिअरबॉक्समध्ये बिघाड तर नाही ना, असे आपण विचारले आहे. साताऱ्यात मी गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि हीच शंका घेऊन अनेक जण येतात. या आवाजाशी गिअरबॉक्सचा काहीही संबंध नाही. यवतेश्वरच्या चढावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, गिअर तोच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलून पाहा. तोच आवाज येईल.

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक पंखा फिरतो, तर दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे ढकलतो, आणि जोराच्या चढावर हा दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो. गिअर बदलण्यासाठी आपण पाय उचलतो तेव्हा थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट उघडणारी-मिटणारी, झडप क्षणात मिटते; पंखा मात्र लगेच थांबत नाही, त्यामुळे पंखा आणि मिटलेली झडप यांच्यामधल्या पाइपांत दाबलेली हवा कोंडते. तिला वाट करून देण्यासाठी एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्यातून हवा सुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. कंपनीच्या गाड्यांत ही हवा बहुधा पंख्याच्या आधीच्या पाइपात परत सोडली जाते, म्हणून आवाज दबका असतो.

व्हॉल्व्ह नसेल किंवा तो अडकला असेल, तर हवा पंख्याच्या पात्यांवरच उलटते, प्रवाह तुटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो, आणि त्यातून 'तुतुतुतु' अशी फडफड उमटते. काही तरुण मंडळी हा आवाज हौसेने करून घेतात, परंतु टर्बोच्या बेअरिंगला बसणारे हे धक्के मला पाहवत नाहीत. हवा थेट बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवण्याआधीही विचार करावा, कारण ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर असतो तिथे ती हवा आधीच हिशेबात धरलेली असते, त्या मापाने पेट्रोल जास्त पडते आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो.

डिझेल गाडीत हा 'फुस्स' सहसा ऐकू येत नाही, कारण तिथे वेग डिझेलच्या प्रमाणावर ठरतो आणि पाय उचलला तरी हवेची वाट बंद होत नाही. एसटीचा 'फुस्स' हा एअर ब्रेकचा असतो, टर्बोचा नव्हे.

आपल्या गाडीचा आवाज पाय उचलतानाच येत असेल, तर निश्चिंत असावे. मात्र पाय दाबलेला असतानाही सतत शीळ किंवा हवा गळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि चढावर गाडीची ओढ कमी झाली, तर इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज, म्हणजे रबरी पाइप, आणि त्यांच्या क्लिपा आधी तपासून घ्याव्यात.