‘लाल निशाण’ म्हणजे लाल खूण की लाल झेंडा?

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रातल्या लाल निशाण पक्ष या डाव्या पक्षाच्या नावातलं ‘निशाण’ म्हणजे निवडणुकीतली निशाणी का? आणि झेंडाच म्हणायचा होता, तर ‘लाल बावटा’ का नाही?

इथे निशाण म्हणजे झेंडाच. मूळ फारसी ‘निशान’चा अर्थ खूण. मराठीत त्याची वाटणी झाली: खुणेसाठी ‘निशाणी’, नेमासाठी ‘निशाणा’ आणि झेंड्यासाठी ‘निशाण’. जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे, ती सहीच्या जागची खूण. पण शरण येणारा पांढरं निशाण दाखवतो, बंडखोर बंडाचं निशाण उभारतो आणि पालखीपुढे चालतं तेही निशाणच.

‘बावटा’ मात्र आधीच गुंतलेला होता. 1928 सालची मुंबईची गिरणी कामगार युनियन ‘लाल बावटा’ म्हणूनच ओळखली जाई आणि ती कम्युनिस्ट पक्षाची. लाल निशाणची मंडळी तर त्याच पक्षातून फुटलेली. म्हणून ‘बावटा’ टाळला असावा, हा माझा तर्क.

फूट पडली 1942च्या सुमारास. जर्मनीने रशियावर हल्ला केला तसं पक्षाने महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवलं आणि ‘चले जाव’ला विरोध केला. हे न पटलेल्यांनी नवजीवन संघटना काढली. एस. के. लिमये, दत्ता देशमुख, यशवंत चव्हाण ही त्यातली नावं. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथूनही बाहेर पडले, मग कामगार किसान पक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते ‘लाल निशाण गट’ होते. ‘पक्ष’ झाले 1965 साली. ‘लाल निशाण’ हे त्यांच्या साप्ताहिकाचंही नाव, त्यामुळे ‘लाल निशाणमध्ये आहे’ हे वाक्य अंक आणि संघटना दोन्हींना लागू पडायचं. नगर जिल्ह्यात, विशेषतः शेतमजुरांत, त्यांचं काम मोठं होतं. निवडणुकीतली ताकद मात्र बेताचीच.

फुटल्यावर नावापुढे कंस जोडायचा, हा डाव्या पक्षांचा रिवाज त्यांनाही चुकला नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या धोरणांवरून वाद होऊन, ‘लाल निशाण पक्ष (लेनिनवादी)’ वेगळा झाला. मूळ पक्ष 2017 साली भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला, म्हणजे ज्या घरातून निघाला त्याच घरी पंचाहत्तर वर्षांनी. तेव्हा जुन्या बातम्या चाळताना कंस आहे की नाही ते आधी पाहावं.