रुग्ण एका चिपवर, निरोगी दुसऱ्या चिपवर? मग आधी मांडणी शोधा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलेले रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्तातलं डीएनए मेथिलेशन, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणा, तुम्ही चिपवर मोजून ताडून पाहिलंत. हजारो जागांवर फरक आला, गाइड खूश आहेत, आणि कुठला नमुना कुठल्या चिपवर होता हे विचारलं की चिप चालवणारी लॅब गप्प बसते. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण हेच सगळं मी भोगलंय. नॉर्मलायझेशन (चिपांमधले तांत्रिक फरक सारखे करणं) वगैरे झालंच असेल असं धरून लिहिते.

पेपर लिहायला घेऊ नका. आधी मांडणी, म्हणजे कुठला नमुना कुठल्या चिपवर ते, हातात येऊ दे.

आमचे रुग्ण नुकतंच निदान झालेले, उपचार सुरू व्हायच्या आधीचे. असं रक्त एकदाच मिळतं. औषध सुरू झालं की ती वेळ गेली. ईपिक या मेथिलेशन मोजायच्या चिपवर एका वेळी ८ नमुने बसतात. रुग्ण आणि निरोगी यांची सरमिसळ केलेली यादी आम्ही नळ्यांसोबत पाठवली होती. आमची चिप चालवणाऱ्या लॅबने ती उघडलीसुद्धा नाही. नळ्या खोक्यात होत्या त्याच क्रमाने चढवल्या: आधी सगळे रुग्ण, मग दुसऱ्या दिवशी, बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेच्या दुसऱ्या खेपेत, सगळे निरोगी. विचारलं तर "आमच्या पद्धतीप्रमाणेच झालंय". त्यानंतर मेलला उत्तर नाही, आणि फोन करावा तर संबंधित व्यक्ती कायम रजेवर. ज्या बाईने निदानाच्या धक्क्यातही संशोधनासाठी हात पुढे केला, तिच्या रक्ताचं हे झालं. अजूनही संताप होतो.

तुम्ही मात्र लॅबच्या उत्तरासाठी अडून राहू नका. चिपच्या कच्च्या मोजमापांच्या, म्हणजे आयडॅट फाइलींची नावं बघा. आधी चिपचा लांबलचक क्रमांक, मग आर०१सी०१ अशी जागा. त्यावरून मांडणी एका संध्याकाळीत जुळते. दोन्ही गट चिपांवर मिसळलेले असतील तर चिपचा क्रमांक गणिती मॉडेलमध्ये घाला, काम निभावेल. मांडणी एकांगी असेल तर चिपांमधले फरक काढून टाकणाऱ्या कॉम्बॅट या पद्धतीच्या नादी लागू नका, ते नसलेले फरकही दाखवतं. आणि गट पूर्ण वेगळे असतील तर फरक आजाराचा की चिपचा, हे कुठल्याच गणिताला सांगता येणार नाही.

दुसरा घोळ पेशींचा. रक्तातल्या दर प्रकारच्या पेशींचं मेथिलेशन वेगळं असतं, आणि एमएसची औषधं पेशींचं प्रमाण बदलतात. नटालिझुमॅब लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही, म्हणून रक्तात त्यांची संख्या वाढते; फिंगोलिमॉड त्यांना लसिका ग्रंथींत अडकवून ठेवतं, म्हणून रक्तातली संख्या घटते. म्हणजे अख्ख्या रक्तात दिसणारा फरक बऱ्याचदा पेशींच्या प्रमाणाचा असतो. २०१९ साली एकाला एमएस आणि दुसऱ्याला नाही अशा एकसारख्या जुळ्यांच्या ४५ जोड्या तपासल्या, तेव्हा इंटरफेरॉन आणि स्टेरॉइड या उपचारांच्या खुणाही मेथिलेशनमध्ये दिसल्या. सिगारेटचंही तेच, एएचआरआर जनुकावर तिची ठसठशीत खूण उमटते. त्यामुळे औषध कधी सुरू झालं आणि धूम्रपान आहे का, हे दोन रकाने रिकामे असतील तर आधी ते भरून घ्या.

माझं ठाम मत, सगळ्यांना पटेलच असं नाही: अख्ख्या रक्ताच्या मोठ्या अभ्यासापेक्षा वेगळ्या काढलेल्या पेशींचा छोटा अभ्यास बरा. स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेत लारा कुलार, माया यागोदिच आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं काम बघा. एमएसचा सर्वांत मोठा जनुकीय धोका एचएलए-डीआरबी१ या रोगप्रतिकाराच्या जनुकाच्या *१५:०१ या प्रकारात आहे, हे आधीच माहीत होतं. तो बाळगणाऱ्यांच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये याच जनुकावरचं मेथिलेशन कमी आणि जनुकाची अभिव्यक्ती (जनुक किती चालू आहे ते) जास्त, हे त्यांनी दाखवलं. धोका जनुकातून पेशीपर्यंत कसा पोचतो, याचा एक दुवा त्यातून मिळतो. नुसत्या हजार जागांच्या यादीतून असं काही हाती लागत नाही.

जाता जाता, रुग्णांचे नातेवाईक तुम्हाला 'एपिजेनेटिक टेस्ट' (मेथिलेशनसारख्या खुणांची तपासणी) आणि मेथिलेशन सुधारणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारतील. मी डॉक्टर नाही, उपचाराचं न्यूरॉलॉजिस्टनाच विचारायला सांगा. पण आपल्या या आकड्यांवरून एकेका माणसाला सल्ला देता येत नाही, एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

गाइडशी वाद घालू नका. पीसीएचा आलेख (कुठले नमुने एकमेकांसारखे ते दाखवणारा) एकदा आजारानुसार आणि एकदा चिपनुसार रंगवा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. मांडणी जुळवताना अडलात तर इथेच लिहा, मी बघते.