इंदूरच्या घरातली मराठी येते, पुस्तक कधी वाचलं नाही, पहिली कादंबरी कोणती घेऊ?

मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या, डोळे मिटून. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच सांगतो सगळं, आणीबाणीचा काळ, वर्गातली शिरोडकर, चार मित्रांच्या टवाळक्या, आणि भाषा अशी की जिन्यात बसून कोणीतरी बोलतंय. माझ्या दोन्ही भाच्या हिंदी मीडियमच्या, त्यांना मी हीच दिली, देवनागरी तर वाचता येतेच आपल्याकडे, फक्त शब्द अडतात, तर धाकटी पेन्सिलीनं अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि रात्री आजीला विचारायची, पन्नासेक पानांनंतर रेघा बंदच झाल्या! 'शाळा'वर सिनेमाही आहे, सुजय डहाकेंचा, पण तो नंतर बघा, आधी बघितला तर शिरोडकरचा चेहरा ठरून जातो ना.

पुढे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955ची, छोटीशीच आहे. फक्त एक, तिच्यातले संवाद माणदेशी, म्हणजे सातारा-सांगलीकडच्या माण भागातल्या बोलीत आहेत, आपल्या इंदुरी कानाला पहिली काही पानं जड जातील, तेव्हा मोठ्यानं वाचा. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र सध्या राहू द्या, त्यातली मराठी आपल्या घरात कोणी बोलत नाही.