विंडोज ७ चा संगणक छान चालतोय, अँटिव्हायरसही आहे. मग बदलायचा कशाला?

हा प्रश्न तुम्ही विचारलाय, आणि सोबत लिहिलंय: दुकानात दोन संगणक, हिशेबाला टॅली, दोघांत मिळून एक प्रिंटर आणि "आजवर काही झालं नाही". सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं काम मी बघायचो, तिथेही नेमकं हेच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे एकदा ऐन सौद्याच्या वेळी अपडेट सुरू झालं आणि मशीन रिस्टार्ट झालं. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, ताटकळले, मालक तापले, आणि मी अपडेटच बंद करून दिलं. ती चूक माझी होती.

१५ मे २०१७, सोमवार. सकाळीच फोन आला. जाऊन बघतो तर पडद्यावर लाल खिडकी, डाव्या बाजूला उलटी मोजणी करणारी दोन घड्याळं. ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांनी दुप्पट, सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या. टॅलीच्या फोल्डरमधल्या फायलींच्या नावांना नवंच शेपूट लागलेलं. दिवाणजी काकुळतीला येऊन सांगत होते, "मी कायबी उघडलं नाही ओ." आणि ते खरंच बोलत होते. ब्रॉडबँड थेट त्याच मशीनवरून डायल व्हायचं, मध्ये राउटर नव्हता. वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, बाहेरून आला आणि आतल्या वायरीवरून दुसऱ्या मशीनमध्ये गेला. कुणी क्लिक करायची गरजच नव्हती.

तो ज्या भोकातून शिरला ते होतं फाइल आणि प्रिंटर शेअर करणाऱ्या विंडोजच्या जुन्या भागात, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत. आलेला माल किती जागेत मावेल याचा हिशेब तिथे चुकत होता. पोतं लहान घेतलं आणि माल जास्त ओतला, तर तो शेजारच्या ढिगात सांडणार. इथे शेजारी होती विंडोजच्या गाभ्याची मेमरी. तिथे नेमकं काय सांडायचं हे ठरवून पाठवलं की ते हुकूम म्हणून चालतं, आणि गाभ्यात चालणाऱ्याला मालकाएवढेच अधिकार असतात. म्हणून नुसत्या अँटिव्हायरसवर विसंबू नका. तो मुख्यतः ओळखीचे चोर पकडतो. खचलेली भिंत बांधून देणं त्याचं काम नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच अपडेटमधून दिली होती. जगभर हल्ला सुरू झाला १२ मेला. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने गुपचूप बाळगलेलं, याच भोकातून शिरणारं इटर्नलब्लू हे हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे आहे हे चोरालाही कळतं. आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून तो फरक शोधतो. म्हणजे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याचा काळच सगळ्यात घातक. कोयना धरणातून विसर्ग वाढला की सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी चढायच्या आत आपण माल माळ्यावर टाकतोच ना? तसं.

विंडोज ७ ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत सापडणारी काही भोकं जुन्या कोडमधून आलेली असतात. नव्यांना ठिगळ मिळतं आणि तुमच्या मशीनमधल्या भोकाचा पत्ता तेवढा चोराला मिळतो.

मग करायचं काय? विंडोज १० वर जाऊन थांबू नका, त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशीन घेणार असाल तर त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का ते आधी विचारा, नाहीतर विंडोज ११ नीट बसणार नाही. क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणारे बरेच जण अपडेट बंद करूनच देतात, त्या वाटेला जाऊ नका. अपडेटची वेळ रात्रीची लावा, सौद्यात अडथळा येत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नवीन मशीन येईपर्यंत जुन्याची इंटरनेटची वायर काढा, जीएसटीचं काम दुसरीकडे करा.

आणि बॅकअप. त्या दुकानात बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण कायम मशीनला जोडलेली, तीही गेली. शेवटी पट्टीबुकांतल्या कार्बन कॉप्यांवरून आम्ही तिघांनी नऊ दिवस बसून हंगाम पुन्हा टॅलीत भरला. निळे फिकट आकडे, काही ठिकाणी ३ की ८ तेही कळेना, मग शेतकऱ्याला फोन. आज दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, ड्राइव्ह काढा आणि घरी न्या.

दोन्ही मशीनचे प्रोसेसर कोणते ते इथे लिहा, विंडोज ११ चालेल की नाही ते सांगतो.