नाशिकमध्ये नदीजवळ तळमजल्यावर राहतो. पुरामुळे अचानक घर सोडावं लागलं तर काय काय बांधून ठेवावं?

ताई, पंचवटीत नव्याने भाड्याने आलात. घरात तुम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि इन्सुलिन घेणाऱ्या, गुडघे धरलेल्या सासूबाई. त्यात शेजाऱ्यांनी २०१९ च्या पुराच्या गोष्टी सांगून झोप उडवलीय, म्हणून तुम्ही सामानाची यादी मागितलीत. यादी देते, पण त्याआधी एक हिशेब करा. घरात मोकळे हात किती?

धडधाकट माणसं दोन, म्हणजे हात चार. मुलगी कडेवर, एक हात गेला. सासूबाईंना धरायला दुसरा. बॅटरी किंवा काठी धरायला तिसरा. सामानाला उरला एक हात आणि दोन पाठी. तेवढ्यात जे बसेल तेच तुमचं सामान. बाकीचं घरातच उंचावर ठेवायचं किंवा देवावर सोडायचं.

हा हिशेब मला २००८ साली कोणी सांगितला नव्हता. १९ सप्टेंबरचा दिवस, पितृपंधरवडा चालू. आम्ही तेव्हा सराफ बाजाराच्या मागे एका वाड्यात तळमजल्यावर राहायचो. गंगेला पूर आलाय म्हणून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, एव्हाना कळलं असेल) सकाळी मी आणि जाऊबाई छत्र्या घेऊन बघायला गेलो होतो. नाशिककरांना पूर बघायची भारी हौस, अर्धं गाव काठावर असतं. घरी येऊन चहा टाकला आणि पुढच्या दाराकडे लक्ष ठेवून बसलो. पाणी आलं मागून, मोरीतून. आधी बुडबुड आवाज, मग काळं पाणी, मग त्यावर तरंगत आलेला आमचाच प्लास्टिकचा मग. पंधरा मिनिटांत घोट्याला लागलं.

मग जी पळापळ झाली ती आठवली की आज हसू येतं. ह्यांनी टीव्ही उचलला. सासूबाईंनी पितळी हंडा. मी मिक्सर घेतला, आणि त्याची भांडी फडताळातच राहिली. सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या खिडकीत राहिल्या. कागदपत्रं पत्र्याच्या ट्रंकेत होती आणि ट्रंक पलंगाखाली, म्हणजे घरातल्या सगळ्यात खालच्या जागी. माझ्या गुणपत्रिका नंतर गच्चीवर वाळत घातल्या तर पापडासारख्या कडक झाल्या. रेशनकार्डाचा लगदा.

तर आता सामान. दोन पाठीवरच्या सॅक घ्या. सुटकेस नको, चाकं चिखलात चालत नाहीत. हातातल्या पिशव्याही नकोत.

पहिल्या सॅकमध्ये कागद आणि पैसे. आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, विमा, मुलीचा जन्मदाखला, घराचा भाडेकरार, गाडीचे कागद. आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग त्या पिशवीसकट दुसऱ्या पिशवीत उलट तोंडाने. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, डिजिलॉकरमध्ये असतील तर उत्तम. पण मोबाइल बंद पडतो, म्हणून दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून त्याच पिशवीत टाका. मला आजही माझ्या मुलाचा नंबर पाठ नाही. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत. वीज गेली की स्कॅन करून पैसे देणं बंद, आणि पाचशेची मोड रिक्षावाल्याकडे त्या दिवशी नसतेच.

दुसरी सॅक औषधं आणि मुलीची. सासूबाईंच्या औषधांचा निदान आठवड्याचा साठा आणि चिठ्ठीची प्रत. इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सासूबाईही घ्यायच्या आणि आम्ही नको तो घोळ घालायचो. फ्रिज बंद पडला म्हणून ते लगेच फुकट जात नाही. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं घरातल्या तापमानाला, ३० अंशांच्या खाली, साधारण २८ दिवस टिकतात. तुमच्या कंपनीचं किती टिकतं ते डॉक्टरांना आजच विचारून डबीवर लिहून ठेवा. बर्फात थेट कधीही खुपसू नका, गोठलं की ते टाकूनच द्यायचं. रुंद तोंडाच्या लहान थर्मासमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं की काम भागतं. सुया आणि साखर तपासायचं यंत्र सोबत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या कनवटीला खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी. अशा दिवशी इंजेक्शन वेळेवर होतं आणि जेवण तीन तास उशिरा मिळतं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि गिळता येत असेल तर आधी साखर द्या, चौकशा नंतर.

मुलीला तुमचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर पाठ करून घ्या. ‘पप्पांचं नाव काय’ विचारलं की मुलं ‘पप्पा’च सांगतात. निघताना तिच्या दंडावर बॉलपेनने नंबर लिहा. खाण्याला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चुरमुरे, म्हणजे शिजवायला न लागणारं आणि तहान न वाढवणारं. फरसाण नको. माणशी दोन बाटल्या पाणी. ओआरएसची चार पाकिटं. संपलीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बॅटरी, पॉवर बँक, काड्यापेटी प्लास्टिकमध्ये, एक शिट्टी. पायात पट्ट्याच्या सॅंडल. स्लिपर चिखलात रुतते, पाय वर येतो आणि ती तिथेच राहते.

आणि सासूबाईंना आजच विचारा की त्यांना काय न्यायचंय. आमच्या सासूबाई २००८ ला गुडघाभर पाण्यातून परत फिरल्या होत्या, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण राहिला म्हणून. ह्यांनी त्यांना अक्षरशः ओढत आणलं, मग महिनाभर घरात अबोला. पुढे पावसाळा लागला की देव एका लहानशा स्टीलच्या डब्यात निघायला तयार असायचे. डबा शंभर-दीडशे ग्रॅमचा असेल, पण त्यापायी एका माणसाचा जीव धोक्यात गेला होता.

आता निघायचं कधी. माझ्या मते सामानापेक्षा हेच अवघड, कारण सगळे म्हणत राहतात, ‘अजून काही नाही, बघू.’ शहरात आभाळ उघडलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पाऊस त्र्यंबकेश्वरकडे, घाटमाथ्यावर पडतो; ते पाणी गंगापूर धरणात येतं आणि तिथून आपल्याकडे. हवामान खातं नाशिकच्या घाटाचा इशारा वेगळा देतं, तो बघत जा. धरण काठोकाठ भरेपर्यंत पाणी सोडत नाहीत, हाही गैरसमज. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे ठरलेलं असतं, त्यामुळे आधीही विसर्ग सुरू होतो. बातमीत क्युसेक ऐकलं की डोळ्यांपुढे चित्र आणा: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला. धरणाचा आकडा आणि शहरात गोदावरीवर असलेल्या होळकर पुलाचा आकडा वेगळे असतात, कारण धरणाखालचे ओढे-नाले मधे येऊन मिळतात. तुम्ही पुलाचा आकडा धरा.

आणि आकड्यांहून जुनं माप आपल्याकडे आहेच, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. पाणी त्याच्या कुठवर आलं यावर गावाचं बोलणं चालतं. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर. जुनी माणसं अजून १९६९ चा पूर काढतात. पण घंटेपर्यंत थांबायचं नसतं. आमच्या घराचा नियम असा: मारुतीच्या गुडघ्याला पाणी, की सॅक दारापाशी आणि म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. कमरेला, की आम्हीही. हा नियम आमच्या वाड्याच्या उंचीचा आहे. तुमच्या इमारतीत २०१६ आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या भाडेकरूंना विचारा, भिंतीवर खूण असेलच, आणि त्यावरून तुमचा ठरवा. जवळून वाघाडी नाला जात असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा. आणि आढेवेढे न घेता उजेडी निघा. २०१६ ला, दिव्याच्या अवसेला, आम्ही दुपारीच बाहेर पडलो. वाड्यातले काही जण हसले. आम्ही कणकेचे दिवे चुलतदिरांच्या घरी लावले.

कुठे जायचं, तर नदीच्या अलीकडेच, पंचवटीच्याच बाजूला. बरेच जण इथे चुकतात. पूर आला की पूल वाहतुकीला बंद होतात, मग नदीपलीकडे सिडकोतली सख्खी बहीण असून उपयोग नाही. म्हसरूळ, हिरावाडी, आडगाव या बाजूला कोणी ओळखीचं असेल त्यांना आत्ताच विचारून ठेवा, आणि ‘कधीही या’ एवढ्यावर भागवू नका, सासूबाईंना पाश्चात्त्य पद्धतीचा संडास लागतो हेही सांगा. मुलीची शाळा पलीकडे असेल तर पूल बंद झाल्यावर तिला कोण आणेल आणि कुठे ठेवेल, हे ठरवा. कोणीच नसेल तर पालिकेचं निवारा केंद्र. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, आणीबाणीला ११२.

निघताना गॅस रेग्युलेटरपासून बंद. सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि दारं फोडत फिरतो, म्हणून रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो वर ठेवा किंवा गजाला बांधा. मेन स्विच पाय कोरडे असतानाच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही, तसेच बाहेर पडा. वाळूने भरलेली पिशवी संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर. हे मी २००८ नंतर शिकले, आणि २०१६ ला पाणी आत आलं तरी घाण बरीच कमी आली. वाहत्या पाण्यात शिरू नका, ते गुडघ्याएवढं असलं तरी पाय उचलतं. उघडं गटार तर दिसतच नाही.

एका रविवारी रात्री दिवे घालवून, न सांगता घरच्यांना उठवा आणि जिन्यापर्यंत निघून दाखवा म्हणावं. आम्हाला पहिल्यांदा सव्वीस मिनिटं लागली होती. सॅक तयारच होत्या. वेळ गेला तो सासूबाईंची कवळी, ह्यांचा चष्मा आणि कुलपाची किल्ली शोधण्यात. शिवाय सासूबाईंना पातळ बदलायचं होतं. पुढच्या वेळी त्या गाऊनवर शाल घेऊन निघाल्या आणि तेरा मिनिटांत आम्ही जिन्यापाशी.

परत आल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेपाशी एक माणूस उभा करून फोटो, मग प्रत्येक खोलीचे, मग खराब झालेल्या वस्तूंचे. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. आमच्या शेजारणीने उत्साहात दोन तासांत घर चकाचक केलं आणि नंतर दाखवायला काहीच उरलं नाही. फोटो झाले की मात्र गाळ ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, आणि उतरल्यावर ताप आला तर पुराच्या पाण्यातून गेलो होतो हे डॉक्टरांना सांगा. वीज वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

आमच्या त्या मिक्सरला पाणी लागलंच नव्हतं. भांडी मात्र गाळातून काढली, घासली, आणि अजून तीच वापरते.